“मोकळीच आहेस ना, मग ये!”



आज पदार्थ नाही, व्रतकथा नाही. आज थोडं भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी.

“मोकळीच आहेस ना, मग ये!” हे वाक्य आपल्या समाजात रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागतं. नोकरी सुटलेल्या मुलीला, बाळंतपणानंतर परत रुजू होता न आलेल्या सुनेला, बी.एड. करून तीन वर्षं जागा निघायची वाट बघणाऱ्या भाचीला. बस्तीत भाजी चिरायला माणूस हवंय, मोकळीच आहेस ना. महाराजांचा विहार आहे, चौका लावायचाय, मोकळीच आहेस ना. शिबिराच्या पिशव्या भरायच्या आहेत, मोकळीच आहेस ना. म्हणणाऱ्या बायका वाईट नसतात, बहुतेक वेळा त्या आपणच असतो. पण हे वाक्य चूक आहे. ते सेवेच्या नावाखाली म्हटलं जातं म्हणून जास्तच चूक आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी सेवेच्या विरोधात नाही. उलट नोकरी नसलेल्या काळात माणसाला उभं ठेवणारी सेवेसारखी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. म्हणूनच तिचं हे जे काही चाललंय ते मला बघवत नाही.

नोकरी जाते तेव्हा फक्त पगार जात नाही. सकाळी उठायचं कारण जातं, चार माणसांत आपली जी ओळख असते ती जाते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९३० च्या सुमारास तिथली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा ही तरुण संशोधक आणि तिचे सहकारी यांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि बघितलं ते लिहून ठेवलं. आता गावाला वेळच वेळ होता, तर लोकांनी जास्त वाचायला हवं होतं ना? झालं उलटं. गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यात सावकाश चालत, मध्येच थांबून राहत. दिवसभरात काय केलं ते त्यांना नीट सांगताही येत नसे. बायकांचं तसं नव्हतं, कारण चूल, मुलं, धुणं तसंच होतं. पगार त्यांचाही गेला होता, पण काम गेलं नव्हतं.

आपल्या भाषेत ही अवस्था आर्तध्यानाची. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक इष्टवियोग, म्हणजे हवीशी गोष्ट गेली आणि मन पुन्हा पुन्हा तिथेच घुटमळतंय. घरात बसून मोबाईलवर जुन्या सहकाऱ्यांच्या बढत्या बघणारी मुलगी दुसरं काय करत असते? त्याच अध्यायात अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्यही आहे. एकीकडे मनाला खाली ओढणारं ध्यान आणि दुसरीकडे दुसऱ्याच्या सेवेचं तप. तेव्हा बेकारीत सेवा करावी का, याचं माझं उत्तर हो असंच आहे. प्रश्न कशी करावी आणि कुणी ठरवावी, हा आहे.

आमच्या गल्लीतलं उदाहरण सांगते. एक सून, पुण्यात सात वर्षं पगारपत्रकं करायची. कंपनीने माणसं कमी केली त्यात तिची नोकरी गेली आणि ती सांगलीला सासरी आली. पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं की ती “मोकळी” आहे. पुढच्या महिन्यात एका ठिकाणी पंचकल्याणक महोत्सव होता. महोत्सव सहा दिवसांचा, पण तयारी धरून ही मुलगी सोळा दिवस तिथे होती. पहाटे पाचला जायची, रात्री दहाला यायची. मधल्या एका दिवशी तिला पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तर तिथल्या एका कार्यकर्त्या बाई म्हणाल्या, “आता ऐन कार्यात जाणार? पुण्य सोडून?” ती गेली नाही. शेवटच्या दिवशी व्यासपीठावर सत्कार झाले. देणगीदारांचे झाले, मंडपवाल्याचा झाला, ध्वनिक्षेपकवाल्याचासुद्धा झाला. वाढप्या आणि चिरणाऱ्या बायकांचे “आणि सर्व भगिनीवर्गाचे आभार” अशा एका वाक्यात आभार मानले गेले.

आता तिच्या घरचे तिच्या वयाचे दीर बघा. तेही त्या वर्षी नोकरी सोडून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. त्यांना कुणी बोलावलं नाही. “त्याला डिस्टर्ब करू नका, अभ्यास करतोय.” बेकार मुलगा म्हणजे तयारी करणारा आणि बेकार मुलगी म्हणजे मोकळी. हा फरक कुठल्या शास्त्रात लिहिलाय ते मला कुणी दाखवावं.

आणि मोकळी म्हणजे तरी काय? केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. बाहेरची नोकरी गेली तरी हे पाच तास जात नाहीत, उलट “आता घरीच आहेस” म्हणून वाढतात. ती मोकळी कधीच नसते, फक्त तिच्या कामाचं पगारपत्रक कुणी करत नाही.

हे बोलायला लागलं की उत्तर ठरलेलं असतं: “अहो, सेवेचा कसला हिशेब? सेवा निरपेक्ष असते.” मी हे उत्तर झटकून टाकत नाही, कारण त्याला आधार आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याला श्रावकाच्या शिक्षाव्रतांत बसवलं आहे, आणि त्या दानात परतफेडीची अपेक्षा नसावी असंच सांगितलं आहे. मला ते शंभर टक्के मान्य आहे. पण नीट वाचा, अपेक्षा न ठेवणं हे देणाऱ्याचं व्रत आहे. घेणाऱ्याने ते देणाऱ्याला ऐकवायचं नसतं. मी निरपेक्ष द्यावं, हे मी ठरवायचं. “तू निरपेक्ष दे” असं मागणाऱ्याने म्हटलं की ते दान उरत नाही, ती वसुली होते.

पुढचंही ऐका. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आहे. भलं व्हावं म्हणून स्वतःची वस्तू सोडणं, असा तिचा अर्थ. म्हणजे वस्तू आधी स्वतःची असली पाहिजे. त्याच अध्यायात चोरीची व्याख्या आहे: न दिलेलं घेणं. आपण अचौर्य अणुव्रत घेतो तेव्हा पैसा, दागिने, शेताचा बांध एवढंच डोळ्यांपुढे असतं. वेळ ही वस्तू नाही का? एखाद्या मुलीने दिलेला नसताना, लाजेपोटी नाही म्हणता येत नाही याचा फायदा घेऊन तिचा दिवस घेतला, तर त्याला काय म्हणायचं? मी नाव घेत नाही, तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप जरा सोवळा आहे. “अनुभवाचा दाखला मिळावा म्हणून सेवा केली तर ते निदान झालं.” निदान म्हणजे धर्मक्रियेच्या बदल्यात पुढे भोग मिळावेत अशी हाव धरणं. एखाद्या मुलीने चार महिने पाठशाळेचे हिशेब ठेवले आणि संस्थेने “हिने चार महिने आमचे हिशेब ठेवले” असं कागदावर लिहून दिलं, तर यात भोगांची हाव कुठे आली? जे घडलं तेच लिहिलं. ते सत्य अणुव्रत झालं. देणगीदाराला आपण पावती देतोच ना? संगमरवरी फरशीवर त्याचं नाव कोरतो, तेव्हा कुणाला निदान आठवत नाही. शंभर रुपयांची पावती आणि शंभर तासांचा कागदाचा कपटाही नाही, हा कुठला न्याय?

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे मला वहीतच बोलता येतं. आपल्याकडच्या सार्वजनिक न्यासांचे हिशेब ठरावीक नमुन्यात द्यावे लागतात. ताळेबंद अनुसूची आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये. देणग्या त्यात येतात, व्याज येतं, दुरुस्ती, वीज, पगार सगळं येतं. पण बायकांच्या हातांनी जेवणावळी उठल्या म्हणून जो आचाऱ्याचा आणि वाढप्यांचा खर्च वाचला, तो कुठेच येत नाही. कायदा तो मागत नाही हे मला माहीत आहे. पण जे वहीत येत नाही ते हळूहळू डोळ्यांनाही दिसेनासं होतं, आणि मग निर्णयाच्या वेळी त्या माणसांना कुणी विचारत नाही. आपल्या गावच्या बस्तीत पुढच्या वेळी जाल तेव्हा विश्वस्तांच्या नावांचा फलक वाचा आणि त्यात बायका किती ते मोजा. मग स्वयंपाकघरात जा आणि तिथे पुरुष किती ते मोजा. मी जास्त बोलायची गरज उरणार नाही.

इथे कुणीतरी लक्ष्मीबाईंचं नाव काढतंच. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या कुंभोजचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. “त्यांनी कागद मागितला होता का?” असं आम्हाला विचारतात. नाही मागितला. पण त्यांना “मोकळ्याच आहात ना” म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. तो संसार त्यांचा होता, ते वसतिगृह त्यांचं होतं, त्या पोरांच्या त्या आई होत्या. त्यांनी जे दिलं ते आपलं म्हणून दिलं. आणि कर्मवीरांनी पोरांना काय शिकवलं? कमवा आणि शिका. पोरं शेतात, बांधकामावर राबली, आणि त्या श्रमाची किंमत त्यांच्या शिक्षणात धरली गेली. कुणाचेही कष्ट फुकटात जमा करायचे नाहीत, हे आपल्याच समाजातला सर्वांत मोठा माणूस शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला. त्यांच्या जयंतीला हार घालायचा आणि सुनांकडून सोळा दिवस विनाहिशेब राबवून घ्यायचं, हे जमत नाही.

तसंच मगनबाईंचं. शेठ माणिकचंद झवेरींची ही मुलगी लहान वयात विधवा झाली. त्या काळातल्या विधवेहून “मोकळी” बाई कोण? घरातल्या प्रत्येकाच्या हाकेला धावायची. मगनबाई शिकल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, जिथे अशाच बायका शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. त्यांनीही सेवाच केली. पण कुठली, ते स्वतः ठरवलं.

आता उलट्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचंय. माझ्याच भिशीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, “पगार नाही तर काडी हलवायची नाही. फुकट काम करणाऱ्याला कुणी किंमत देत नाही.” त्यांचा राग मला कळतो, पण हिशेब पटत नाही.

त्या गल्लीतल्या सुनेचं पुढे काय झालं ते सांगते. महोत्सवानंतर ती महिनाभर कुणाचा फोनच घेईना. मग तिच्या लक्षात आलं की तिच्या सासऱ्यांच्या वयाची माणसं बँकेच्या कागदांपुढे हतबल होतात. पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म, ठेवींवर वारसाचं नाव, केवायसी, दवाखान्याच्या बिलांचा क्लेम. तिने पाठशाळेची खोली मागितली. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते बारा, एवढंच. बाराला एक मिनिट झालं की टेबल बंद. मी तिच्याशेजारी नोंदवही घेऊन बसायचे. चार महिन्यांत १३७ माणसं आली, आणि त्यात आपल्या समाजाबाहेरचीही बरीच होती. एक आजी होत्या, यजमान जाऊन दोन वर्षं झाली तरी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केलेला नव्हता, कारण मुलांना वेळ नव्हता. तो अर्ज या मुलीने मार्गी लावला. पैसे खात्यात आले त्या दिवशी आजी तिच्यासाठी दशम्या घेऊन आल्या.

त्या मंगळवार-शुक्रवारांनी त्या मुलीचा आठवडा परत उभा केला. सोमवारी फॉर्म छापून ठेवायचे, गुरुवारी बँकेत विचारून यायचं. जेवण वेळेवर, झोप वेळेवर. गावात तिला “ती कागदाच्या टेबलावरची ताई” म्हणायला लागले. पुढे एका पतसंस्थेत तिला हिशेबाचं काम लागलं, पगार पुण्याच्या निम्माही नाही. मुलाखतीत तिने ती नोंदवही पुढे ठेवली आणि तिथल्या साहेबांनी ती पानोपान चाळली. केवळ त्या वहीमुळे नोकरी लागली असं मी म्हणणार नाही, सात वर्षांचा अनुभव होताच. पण मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल विचारलं तेव्हा तिला मान खाली घालावी लागली नाही.

अमेरिकेत तिथल्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बेकार असताना स्वयंसेवा करणाऱ्यांना काम मिळण्याची शक्यता न करणाऱ्यांपेक्षा २७ टक्के जास्त दिसली. आता जी माणसं मुळातच धडपडी असतात तीच सेवाही करतात आणि नोकरीही शोधतात, असंही असू शकेल. शिवाय तो देश वेगळा. तेव्हा या आकड्याची पूजा नको. पण “फुकट काम म्हणजे वाया गेलेलं काम” हे म्हणणं टिकत नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

महोत्सवातले सोळा दिवस आणि टेबलाचे चार महिने, दोन्ही बिनपगारी. एकाने ती खचली आणि एकाने उभी राहिली. फरक पैशाचा नव्हताच. एकात तिला कुणीही चालली असती, दुसऱ्यात तीच लागत होती. एकाला वेळेची हद्द नव्हती, दुसऱ्याला होती. एक तिच्या मानेवर ठेवलेलं होतं, दुसरं तिने उचललेलं.

तर मुलींनो, तुमच्यासाठी. घरात पैशाची चणचण असेल तर आधी काम शोधा, सेवा नंतर. त्यात पाप नाही, गृहस्थाने न्यायाने कमवावं हाही धर्मच आहे. सेवा करायचीच तर आपल्याला जे येतं ते द्या. हिशेब येतो तर हिशेब, शिवण येतं तर शिवण, इंग्रजी येतं तर इंग्रजी. दिवस आणि तास आधी सांगा. मुलाखतीचं बोलावणं आलं तर जा, कुठलंही पुण्य तुम्हाला अडवत नाही. एक वही ठेवा, काय केलं, कधी केलं, किती जणांसाठी. आणि भाजी चिरायची असेल तर तीही आनंदाने चिरा, पण तुम्हाला वाटतंय म्हणून.

सासूबाईंनो आणि आयांनो, आपल्यासाठी. फोन आला की “हो हो, पाठवते” असं आपण परस्पर म्हणतो. तो वेळ आपला नाही, तिचा आहे. फोन तिच्या हातात द्या आणि ती नाही म्हणाली तर मंडळात तिची बाजू घ्या.

आणि मंडळं-ट्रस्ट चालवणाऱ्यांसाठी. बोलावताना काम काय, किती दिवस, किती वाजेपर्यंत ते सांगा. रिक्षाचं भाडं द्या. तासांची नोंद ठेवा आणि मागेल तिला सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. आभार मानताना नावं वाचा. यादी लांब झाली तर एक भाषण कमी करा. आणि जिने पाच वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं तिला स्वयंपाकघराच्या बजेटच्या बैठकीला बोलवा.

येत्या दशलक्षण पर्वाच्या तयारीच्या याद्या आता सगळीकडे सुरू होतील. या वेळी फोन करताना पहिलं वाक्य बदलून बघा. “मोकळीच आहेस ना?” ऐवजी “तुला जमेल का, आणि किती वेळ?” एवढं विचारा. आणि “नाही जमणार” हे उत्तर आलं, तर दुसऱ्या प्रश्नाशिवाय “बरं बाई” म्हणून फोन ठेवा.

जय जिनेंद्र.